अमेरिकन घरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोत, सिनसिनाटीच्या जवळ, आम्हाला पंचविसेक वर्षं होत आली. नव्यानं शिकायला आलेली मुलं, सहा महिन्यांसाठी आलेले कोणाचे तरी आईबाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणारे भाचे-पुतणे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. मी आचारी नाही, घरी स्वयंपाक करणारा माणूस आहे, तेव्हा उत्तरांत माझ्या आवडीनिवडी डोकावणारच.

अमेरिकन जेवण म्हणजे बर्गर आणि पिझ्झाच ना?

ते बाहेरचं खाणं. दादरला वडापाव खाल्ला म्हणून मराठी घरांत रोज रात्री वडापाव होतो असं कोणी म्हटलं तर आपण हसू. इथल्या घरांत संध्याकाळी सहा-साडेसहाला जे ताटात पडतं ते निराळं: ओव्हनमधलं कॅसरोल, मॅक अँड चीज, मीटलोफ आणि बटाट्याचा लगदा, चिली (मिरचीच्या मसाल्यात शिजवलेलं मांस किंवा राजमा), चिकन पॉट पाय (पाय म्हणजे pie, पिठाच्या पारीत भाजलेला पदार्थ), रविवारी पॉट रोस्ट.

या बहुतेक पदार्थांच्या मुळाशी हिशेब एकच, थोडक्यात भागवण्याचा. १९३०च्या दशकातली महामंदी, मग युद्धाच्या काळातलं रेशन, त्यातून घर चालवणाऱ्या बायकांनी हे जेवण बसवलं. मांस कमी पडलं की त्यात पाव कुस्करून घालायचा, शिळ्या पावाचं पुडिंग करायचं, उरलेल्या कोंबडीवर पारी चढवून पाय करायचा. आपल्याकडे फोडणीची पोळी ज्या डोक्यातून निघाली, त्याच डोक्यातून हेही निघालंय.

कम्फर्ट फूड कशाला म्हणतात?

ताप उतरल्यावर मऊ भात, मेतकूट आणि तूप मागतो ना, त्याला. फरक इतकाच की त्यांच्या मऊ भातात चीज असतं.

सगळं इतकं फिकं का लागतं?

कारण आपण चव मसाल्यात शोधतो. त्यांची चव भाजण्यात, लोण्यात आणि आंबटपणात असते. पॉट रोस्टचं मांस आधी तव्यावर चांगलं तांबूस करून मग तीन तास मंद शिजवतात. ते तांबूस करणं कोणी टाळलं की पदार्थ आजाऱ्याचा वाटतो, आणि मग आपण म्हणतो, यांना स्वयंपाक येत नाही. येतो. तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात त्यांना कदाचित येत नसेल.

शिवाय देश मोठा आहे. मिनेसोटात काळी मिरी हाच तिखटाचा कळस मानणारी माणसं मी पाहिली आहेत. पण लुईझियानात गम्बो (दाट रस्सा) आणि जम्बालाया (मसालेदार भात) खाऊन बघा. टबॅस्को हा मिरचीचा तिखट सॉस तिथलाच, एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनतो.

कॅसरोल म्हणजे नक्की काय? आणि त्यात दर वेळी डब्यातलं सूप का?

कॅसरोल हे मुळात भांड्याचं नाव. ओव्हनमध्ये जाणारं, तेच टेबलावर येणारं. त्यात जे शिजलं तेही कॅसरोल. घराघरात असतं ते नऊ बाय तेरा इंचांचं काचेचं भांडं. कॉर्निंग कंपनीनं १९१५ साली पायरेक्स बाजारात आणलं आणि काचेत भाजायची सोय झाली.

भाजी किंवा मांस, त्याला धरून ठेवणारं काहीतरी पांढरं-दाट, आणि वर कुरकुरीत थर, अशी त्याची घडण. ते पांढरं-दाट म्हणजे पूर्वी घरी लोणी-मैदा-दुधाचा व्हाइट सॉस. कॅम्पबेल कंपनीनं १९३४ साली क्रीम ऑफ मशरूम सूप डब्यात घालून विकायला काढलं आणि बायकांनी ते सूप म्हणून पिण्याऐवजी तयार सॉस म्हणून वापरायला सुरुवात केली. मग १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅमडनला, कंपनीच्याच स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी ग्रीन बीन कॅसरोल बसवलं: फरसबी, सुपाचा डबा, थोडं दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड आणि वर डब्यातला तळलेला कांदा. घरात जे असतंच त्यातून झालं पाहिजे, ही अट. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या मोठ्या सणाला, आजही असंख्य घरांत हे होतं. मला विचाराल तर त्यात वाखाणण्यासारखं फक्त ते वरचं कांद्याचं आवरण आहे, आपल्या बिरिस्त्यासारखं. ते मी दुप्पट घालतो.

मिनेसोटा-डकोटाकडे यालाच हॉटडिश म्हणतात, आणि त्यावर टेटर टॉट्सच्या ओळी मांडलेल्या असतात. ओरेगॉनमध्ये ओर-आयडा कंपनी फ्रेंच फ्राइज कापायची, त्यातून उरलेला बटाट्याचा चुरा गुरांना जायचा. १९५३ साली त्या चुऱ्यात पीठ-मसाला मिसळून त्याचे छोटे गट्टू केले, तेच हे टॉट्स. युटामध्ये किसलेला बटाटा, आंबट साय, चीज आणि वर लोण्यात परतलेले कॉर्नफ्लेक्स असं एक कॅसरोल असतं, त्याचं नाव फ्युनरल पोटेटोज. मयताच्या घरी नेतात म्हणून. नाव ऐकून आई म्हणाली, "असलं नाव ठेवून खाववतं कसं रे?" आणि दोनदा घेतलं.

मॅक अँड चीज घरी केलं की फुटतं, दाणेदार होतं. का?

आच जास्त झाली. चीज उकळत्या सॉसमध्ये घातलं की त्यातलं प्रथिन आवळून येतं आणि तूप बाहेर पडतं. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेलं चीज मुठीमुठीनं घाला.

पाव किलो मॅकरोनीला माझं प्रमाण असं: तीन टेबलस्पून लोणी, तेवढाच मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. त्यात तीन कप दूध हळूहळू, सतत ढवळत. पळीच्या मागच्या बाजूवर बोटानं रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की सॉस झाला. आच बंद. मीठ, मिरपूड, अर्धा चमचा मोहरीची पूड. मोहरी जाणवत नाही, पण ती नसली की चीज मुकं लागतं. मग पाव किलो चीज. मॅकरोनी अंमळ कच्चीच काढायची, ओव्हनमध्ये ती उरलेलं शिजते. वरून पावाचा चुरा लोण्यात घोळून, ३५० फॅरनहाइटला पंचवीस मिनिटं.

भारतात करत असाल तर तीन भाग चेडर आणि एक भाग अमूलचं नेहमीचं चीज घ्या. प्रोसेस केलेल्या चीजमध्ये पाणी आणि तूप बांधून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे अख्खा सॉस गुळगुळीत राहतो. चीज प्रोसेस करण्याचं पेटंट जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली घेतलं. त्यांच्याच कंपनीचा मॅकरोनीचा खोका १९३७ साली आला, १९ सेंटांत चौघांचं जेवण अशी त्याची जाहिरात होती. मंदीचे दिवस, त्यामुळे तो खपला नसता तरच नवल.

पण पदार्थ खोक्याच्या कितीतरी आधीचा. थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष) यांनी तो अमेरिकेत आणला असं सांगतात. ते सांगणाऱ्यांना विचारावं, चुलीपाशी कोण होतं? जेफरसन १७८४ साली पॅरिसला गेले तेव्हा जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला बरोबर घेऊन गेले, फ्रेंच स्वयंपाक शिकवायला. परत आल्यावर हेमिंग्ज यांना स्वातंत्र्य मिळालं ते १७९६ मध्ये, आणि तेही भावाला सगळं शिकवून तयार केल्यानंतर. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांत सणावारी मॅक अँड चीज भाजून करतात आणि ते कोणी करायचं याचा मान ठरलेला असतो. नव्या सुनेला पहिल्या वर्षी पुरणाला कोणी हात लावू देत नाही, तसंच.

चिलीत आपलं लाल तिखट चालेल का?

चालेल, पण आधी माझी फजिती ऐका. पहिल्या हिवाळ्यात एका कृतीवरून चिली करायला घेतली. तीन टेबलस्पून चिली पावडर असं लिहिलेलं. आईनं दिलेलं तिखट होतं, संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळून कांडपावरून आणलेलं. मी मोजून तीन टेबलस्पून घातलं, सपाट नाही, भरून. रूममेट ठसकत खिडकी उघडायला धावला, बाहेर बर्फ पडत होता.

इथली चिली पावडर हा तयार मसाला असतो: सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो, लसूण, कधी मीठसुद्धा. टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसानं १८९०च्या दशकात तो विकायला सुरुवात केली. तीन टेबलस्पूनच्या जागी घरी दोन चमचे काश्मिरी तिखट, दोन चमचे जिरेपूड, चमचाभर ओरेगॅनो आणि लसूण घ्या. जिरेपूड मात्र ताजी भाजलेली.

चिलीत राजमा घालतात की नाही?

टेक्ससमध्ये हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर काढू नका. तिथली चिली म्हणजे मांसाचे तुकडे आणि मिरच्या, बास. १९७७ साली त्यांनी ती राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केली. बाकी देशात राजमा, टोमॅटो, मका सगळं चालतं. शाकाहारी चिलीला तर राजमा आणि काळा घेवडा हवाच, आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, आमटीसारखी.

आमच्या सिनसिनाटीत तिसराच प्रकार. १९२२ साली मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ भावांनी इथे आपल्या ओळखीच्या मसाल्याचा पातळ खिमा स्पगेटीवर वाढायला सुरुवात केली. त्यात दालचिनी असते, लवंग असते. स्पगेटी, चिली आणि वर पिवळ्या चेडरचा ढीग म्हणजे थ्री-वे. त्यात कांदा किंवा राजमा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. बाहेरगावचे लोक या पदार्थाला हसतात. आपल्या माणसांना मात्र पहिल्या घासाला ओळखीचं काहीतरी लागतं, आणि ते काय हे कळायला वेळ लागतो. ती दालचिनी-लवंग असते.

कॉर्नब्रेडसाठी कॉर्नफ्लोअर आणलं, सगळं चिकट झालं.

होणारच. भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तो मक्याचा स्टार्च, मंचुरियनला लावतात तो. कॉर्नब्रेडला लागतं कॉर्नमील, म्हणजे मक्याचं रवाळ पीठ. दुकानात मका रवा मागा. मक्याच्या भाकरीचं बारीक पीठ असेल तर त्यात थोडा मका रवा मिसळा.

दुसरी चूक ताकात होते. त्यांचं बटरमिल्क आपल्या ताकासारखं पातळ नसतं, विरजलेलं आणि दाट असतं. पाऊण कप दही आणि पाव कप पाणी फेटून घ्या. दही आंबटच हवं, कारण खायच्या सोड्याला फुलायला आंबट लागतं.

दक्षिणेतली जुनी माणसं कॉर्नब्रेडमध्ये साखर घालत नाहीत. साखर घातली की तो केक, असं म्हणतात. उत्तरेत घालतात. मी दक्षिणेच्या बाजूचा. बिडाचा तवा ओव्हनमध्ये कडक तापवायचा, त्यात लोणी सोडायचं आणि मिश्रण ओतल्यावर चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला नाही तर खालची बाजू खरपूस होत नाही. धिरडं घालताना जो कान लावतो तोच इथे लावायचा.

बिस्किट आणि ग्रेव्ही? बिस्किट ग्रेव्हीत बुडवून?

पार्ले-जी नव्हे. इथलं बिस्किट म्हणजे मऊ, पापुद्र्यांचा, खारट पावासारखा गोळा. यीस्ट नाही, बेकिंग पावडर आणि ताकावर फुलतो. दक्षिणेत त्यासाठी हलक्या, कमी चिकटपणाच्या गव्हाचा मैदा वापरतात. कणीक मळायची नाही, नुसती गोळा करायची आणि घडी घालून थापायची. लोणी फ्रीजमधलं कडक. वर घालतात ती पांढरी ग्रेव्ही सॉसेजच्या चरबीत मैदा परतून दुधात केलेली. शाकाहारी माणसानं बिस्किटावर लोणी आणि मध घ्यावा, काही बिघडत नाही.

मीटलोफ?

खिमा, पाव, अंडं, कांदा, वर केचप, वडीसारखं कापून. नाव घेण्यासारखा भाग दुसऱ्या दिवशीचं सँडविच.

आम्ही शाकाहारी आहोत. भाजीचा पदार्थ दिसला तर बिनधास्त खावा का?

नाही. विचारा, आणि नीट विचारा. "यात मांस आहे का?" असं विचारलं तर समोरचा मनापासून "नाही" म्हणतो, कारण चार बेकनचे तुकडे किंवा कोंबडीचं पाणी याला तो मांस धरत नाही. "चिकन ब्रॉथ, बेकन, लार्ड घातलंय का?" असं नाव घेऊन विचारा. ब्रॉथ म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी, बेकन डुकराचं खारवलेलं मांस, लार्ड डुकराची चरबी.

दक्षिणेतली फरसबी आणि कोलार्डची पालेभाजी बहुधा डुकराच्या हाडासोबत शिजलेली असते. टर्कीबरोबरच्या स्टफिंगमध्ये पाव असतो, पण तो ब्रॉथमध्ये भिजलेला. डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये डुकराच्या चरबीचा तुकडा असू शकतो. पायच्या पारीला पूर्वापार लार्ड वापरतात. वुस्टरशर सॉसमध्ये मासे असतात. आणि जिलेटिन! ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात. जेलो, म्हणजे थुलथुलीत गोड जेली, त्याचाच, मार्शमॅलोत तेच. थँक्सगिव्हिंगला रताळ्यावर मार्शमॅलो भाजून घालतात. रताळं म्हणून उपासाच्या आठवणीनं हात पुढे करणाऱ्या एका काकूंना मी वेळेवर थांबवलंय.

बिनधोक काय? टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज सँडविच, पण सूप कशात शिजवलं ते बघून. भाजलेला बटाटा. पीनट बटर-जेलीचं सँडविच, इथे जेली म्हणजे गाळलेला जॅम. बटाट्याचा लगदा बहुतेक वेळा लोणी-दुधाचाच असतो, फक्त वर ग्रेव्ही घालू देऊ नका.

बोस्टन बेक्ड बीन्समध्ये मोलॅसिसऐवजी काकवी चालेल?

चालेल, आणि माझ्या मते जास्त चांगली लागते. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, त्यामुळे तिला कडवटपणा असतो. काकवी अख्ख्या रसाची, म्हणून ती गोड. प्रमाण थोडं कमी घ्या आणि मोहरीची पूड वाढवा. पांढरा घेवडा रात्रभर भिजवून, उकडून, मग कांदा आणि काकवीसोबत झाकून मंद ओव्हनमध्ये पाच-सहा तास. प्युरिटन, म्हणजे तिथल्या जुन्या कर्मठ ख्रिस्ती लोकांत शनिवारी सूर्यास्तानंतर काम बंद, म्हणून मडकं शनिवारीच चुलीत ठेवायची रीत.

बोस्टनला मोलॅसिस किती होतं? १५ जानेवारी १९१९ला नॉर्थ एंड भागात त्याची एक प्रचंड टाकी फुटली, वीस लाख गॅलनहून जास्त काळा पाक रस्त्यावर आला आणि २१ माणसं मेली.

कप, स्टिक, फॅरनहाइट यांचं काय करायचं?

कप म्हणजे चहाचा नव्हे, सुमारे २४० मिलिलिटरचं माप. सपाट भरून मोजायची शिस्त बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ पासून लावली. मैदा दाबून भरू नका, कपाला १२० ते १२५ ग्रॅम. लोण्याची एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. आपल्याकडचे छोटे ओव्हन पुढून थंड आणि मागून कडक असतात, अर्ध्या वेळानं भांडं फिरवा.

नव्या वर्षाला चवळी का करतात?

दक्षिणेत १ जानेवारीला चवळी-भात खाल्ला की वर्ष बरकतीचं जातं म्हणतात. चवळी म्हणजे नाणी, सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा. पदार्थाचं नाव हॉपिन जॉन. तो साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीचा, जिथे भाताची शेती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी पिकवली. चवळी आफ्रिकेची, भेंडीही तिथलीच. आमच्याकडे त्या दिवशी चवळीची उसळच होते, शेजारच्या बाईंनी ती हॉपिन जॉन म्हणून मान्य केली आहे.

गोडात सुरुवात कशानं करावी?

चॉकलेट चिप कुकी. मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस नावाच्या खाणावळीत रूथ वेकफील्ड यांनी १९३०च्या दशकात केलेली. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. अ‍ॅपल पायला आंबटसर, घट्ट सफरचंद लागतं. काश्मीरचं गोड सफरचंद घेतलंत तर लिंबू पिळा. भोपळ्याच्या पायला डब्यातला गर घ्या, तो बराचसा इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाहून येतो. भोपळा सोलण्यात शहाणपण नाही, आणि हे घारगे करणाऱ्या घरातला माणूस सांगतोय.

शेजाऱ्यांनी कॅसरोल आणून दिलं. भांडं रिकामं परत करायचं का?

इथे चालतं. बरेचजण हल्ली फॉइलच्या ट्रेमध्येच देतात, परतीची भानगड नको म्हणून. घरात मूल झालं, कोणी गेलं, कोणाचं ऑपरेशन झालं की ओळखीपाळखीचे लोक वार वाटून घेतात आणि रोज एकेका घरून जेवण येतं. "काही लागलं तर सांगा" म्हणत नाहीत, गुरुवारी साडेपाचला दारात उभे राहतात.

मुलगी झाली तेव्हा पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी नऊ बाय तेराचं भांडं आणलं होतं, नूडल्स आणि कोंबडीचं. भांड्याच्या बुडाला मास्किंग टेपची पट्टी, त्यावर निळ्या पेनानं त्यांचं आडनाव. अनेकदा ओव्हनमध्ये जाऊन टेप तपकिरी झालेली. बायको म्हणाली, रिकामं नाही द्यायचं. मी त्यात शिरा भरून नेला, केळं घालून. त्यांनी चमचा घेतला, म्हणाल्या, "ग्रिट्सचं पुडिंग का?" ग्रिट्स म्हणजे मक्याच्या भरडीची लापशी. मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात त्या भांडं घेऊन पुन्हा आल्या. रिकामं. म्हणाल्या, ते पुडिंग करायचं असेल तर भांड्याची अडचण नको.